पाण्यातल्या पाटलाचं दार

मी भित्री होते. आता माझं तोंड कसं चालतं ते घरातल्यांना विचारा, पण तेव्हा गावात माझ्याइतकी भित्री पोर दुसरी नसेल. अंधाराला भ्यायचे, शेजारच्या कुत्र्याला भ्यायचे, पाण्याला तर भ्यायचेच. आणि आमचं गाव नेमकं मुळशी धरणाच्या काठावर. दारात उभं राहिलं की समोर पाणीच पाणी. आई म्हणायची, "अगं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. जरा छाती काढून चालत जा." मी छाती काढायची आणि तिचाच पदर धरून चालायची.

माझ्या पाठीवर आईला दोन मुली झाल्या आणि दोन्ही गेल्या. एक पाचवी पुजायच्या आधीच गेली. दुसरी चांगली हसायला लागली होती, तीही गेली. त्यानंतर आईचं बोलणं आटलं. कामं सगळी करायची, शेण, पाणी, भाकरी, भाताची लावणी, कशात कमी नाही. पण विचारल्याशिवाय शब्द नाही. मग एक दिवस आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुण्याहून एक पुस्तक आणलं.

ही साठ सालाच्या पुढची गोष्ट. आबा पहाटेच्या येष्टीनं दुधाच्या किटल्या घेऊन पुण्याला जायचे. पौड, पिरंगुट करत गाडी पोचली की घरोघर रतीब घालायचा आणि दुपारच्या गाडीनं माघारी. स्टँडाबाहेर एक माणूस पोत्यावर पुस्तकं मांडून बसायचा, त्याच्याकडचं ते चित्रांचं पुस्तक होतं. पानभर चौकटी, चौकटीत चित्रं, आणि माणसांच्या तोंडाजवळ फुगे काढून त्यात त्यांचं बोलणं. आईला अक्षर येत नव्हतं. मी शाळेत जात होते, म्हणून वाचायचं मी आणि बघायचं तिनं. पहिलंच पुस्तक संपलं तेव्हा आई आपण होऊन म्हणाली, "मंग? फुडं काय झालं त्याचं?" आबा दारात चिलीम भरत होते. त्यांचा हात तसाच थांबला.

तेव्हापासून दर महिन्याला गोष्टीच्या पुढच्या भागाचं नवं पुस्तक यायला लागलं. एकाची दोन झाली, दोनाची तीन. गावातले लोक हसायचे. म्हणायचे, याची म्हैस दूध देती आणि हा कागद इकत आणतो. आबा म्हणायचे, "तुमच्या बाचं काय जातंय?" आणि पुढं चालू लागायचे.

तिन्ही पुस्तकांना आमची आमची नावं होती. एक राजपुत्राचं. गुबगुबीत गालांचा, कुरळ्या केसांचा राजपुत्र, त्याला एक बोलका पोपट, आणि शेवटी नेहमी सगळ्यांना लाडू. दुसरं फटफटीवाल्याचं. हा गुप्त पोलीस, फटफटीवरून चोरांच्या मागं धावायचा. ते माझं. त्यात कधी भीती वाटली तरी फटफटी सुरू झाली की जायची. आणि तिसरं पाण्यातल्या पाटलाचं.

त्याची आठवण आली तरी अजून अंगावर काटा येतो. एक गाव पाण्यात बुडालेलं असतं. त्या गावचा पाटीलही बुडून मेलेला असतो. पण त्याला आपली रयत सापडत नाही, म्हणून तो तळाशी घराघरातून हिंडत असतो. फेटा सुटलेला, डोळे पांढरे, मिशांतून बुडबुडे निघतायत. पुस्तकाचं वरचं पान तेवढं रंगीत. आतली सगळी चित्रं नुसत्या निळ्या शाईत छापलेली. शाई इतकी कच्ची की घामेजल्या अंगठ्याला लागायची. वाचून झालं की माझा आणि आईचा अंगठा निळा व्हायचा. मी राखुंडीनं घासघासून धुवायची. आई तसाच राहू द्यायची.

मग आईला दिवस गेले.

घरात कुणी आनंदाचं बोललं नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं आमचं झालं होतं. आबा देवाला रोज हात जोडायला लागले. काकी, म्हणजे माझी चुलती, भिंतीपलीकडेच राहायची. ती दिवसातून दहादा डोकावून जायची. मी तर आईच्या पोटाकडं बघायचंच टाळायची. बघितलं की वाटायचं, आता ह्याचंही तसंच होणार.

त्यात पौष सरता सरता आमची म्हैस आटली. दुसऱ्यांचं दूध आबा न्यायचे, पण त्यात सुटणार ते काय? एका संध्याकाळी ते माझ्याशेजारी टेकले आणि म्हणाले, "पोरी, आता तीन पुस्तकं परवडत न्हाईत. एकच आनीन. कुटलं ते तू ठरव. वाचतीस तू, तुलाच ठावं."

मला तेव्हा केवढं मोठेपण वाटलं! फटफटीवाला मी लगेच सोडला. रडू आलं, पण सोडला. पुस्तकं आईसाठी होती, एवढी अक्कल मला होती. राहिले दोघं, राजपुत्र आणि पाटील. मी आईला विचारलं, "आई, यातलं कुटलं ठेवू?" ती तांदूळ पाखडत होती. "तुला आवडंल ते ठेव," म्हणाली. पण रात्रीच्या वाचनात पाटलाचं पुस्तक निघालं की ती कशी पुढं सरकायची ते मला माहीत होतं. राजपुत्राच्या वेळी ती वाती वळत बसायची.

मी काकीला जाऊन विचारलं. तेच चुकलं. काकी कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बया! पोटुशी बाईला मढ्याची चित्रं दावतीस व्हय? पोटातलं पोर समदं बघत आसतं. आईनं जे बघितलं ते पोराच्या अंगावर उठतं. म्हनून तर बाळकृष्णाचं चित्र लावत्यात समूर. निळं मढं बघितलं तर निळंच पोर व्हईल, समजलं?"

माझी पाचावर धारण बसली. इतके दिवस मी काय करत होते? आईच्या पोटातल्या बाळाला रोज रात्री ते पांढऱ्या डोळ्यांचं मढं दाखवत होते! आणि आईचा अंगठा, तो तर निळाच होता. मी धावत घरी आले आणि आबांना सांगून टाकलं, "राजपुत्र आना."

राजपुत्र आला. मी मोठ्यानं, आवाज बदलून बदलून वाचला. पोपटाचा आवाज तर इतका छान काढला की आबा हसले. आई म्हणाली, "ब्येस हाय." पुस्तक तिनं हातात घेतलं, गुबगुबीत गालांकडं बघितलं आणि बाजूला ठेवलं. पाटलाबद्दल चकार शब्द नाही.

त्यानंतर ती जेवेनाशी झाली. भाकरीचा तुकडा मोडायचा आणि ताटातच ठेवायचा. पाय सुजले. दुपारी कधी न टेकणारी बाई, पण आता भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. आबांनी चिंचा आणल्या, करवंदाचं जुनं लोणचं कुणाकडून मागून आणलं, पौडच्या बाजारातनं पेढे आणले. "काय खावंसं वाटतंय ते सांग की!" म्हणून ते काकुळतीला यायचे. ती म्हणायची, "काय नको."

काकी आबांना म्हणाली, "हिचा कुटलातरी डोहाळा ऱ्हायलाय. डोहाळा मारू ने. पोराचे कान फुटत्यात, न्हाईतर पोर ऱ्हात न्हाई. मागच्या दोन्ही येळंला हिनं काय मागितलं न्हाई, आठवतंय ना?"

मी चुलीपाशी बसले होते. सगळं ऐकलं. आईचा डोहाळा कुठला हे त्या घरात फक्त मला कळलं होतं. इकडं आड, तिकडं विहीर. पुस्तक आणावं तर बाळ निळं होणार. न आणावं तर बाळ राहणार नाही. आणि दोन्ही काकीनंच सांगितलेलं. म्हणजे तिला विचारायची सोय नाही. तिच्यावर इतका राग आला होता मला! मोठ्या माणसांनी दोन भीती पोराच्या हातात द्यायच्या आणि आपण निवांत तंबाखू मळायची.

पण ठरवायचं मलाच होतं. मी असा विचार केला की निळं असलं तरी पोर जितं असेल. निळ्या पोराला आपण झाकून ठेवू, शाळेत नाही पाठवणार. महिना भरला तेव्हा आबा किटल्या उचलून निघाले होते, मी मागनं धावत गेले आणि म्हटलं, "आबा, पाटील आना." त्यांनी विचारलं, "नक्की ना?" मी मान हलवली. गाडी वळणाआड गेली आणि मला वाटलं, आपण काहीतरी भयंकर करून बसलो. दिवसभर शाळेत मला एक अक्षर कळलं नाही.

दुपारच्या गाडीनं पुस्तक आलं. आईनं ते बघितलं मात्र, ती उठून बसली. मी एक युक्ती काढली होती. चौकटीत जिथं जिथं पाटील असेल तिथं आपला पंजा ठेवायचा आणि फुग्यातलं तेवढं वाचून दाखवायचं. दोन पानं तसं केलं. तिसऱ्या पानावर आईनं माझं मनगट धरलं.

"हात काड. मागचं दिसंना."

"आई, मढं हाय त्ये."

"मढ्याला कोन बघतंय? मागचं घर बघ." आणि तिनं तो निळा अंगठा चित्रावर ठेवला. पाटलाच्या पाठीमागं एक घर होतं. तीन दगडी पायऱ्या, पुढं तुळस, छपरावरून मासे चाललेले. "आमचं आसंच व्हतं म्हनं," आई म्हणाली. "पर दाराच्या दोन्ही अंगाला कोनाडे. आई सांगायची. ह्याला कोनाडे न्हाईत. फुडलं बघ."

आईचं माहेर धरणात गेलं हे मला माहीत होतं, पण जसं सगळ्यांना माहीत असतं तसं. ती जन्मायच्या आधीच गाव पाण्याखाली गेलं होतं. तिचे आई-वडील वरच्या अंगाला डोंगरात झोपडी घालून राहिले, तिथंच ती वाढली, आणि तिचं लग्न झाल्यावर दोघंही लवकर गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की इतरांच्या गावांची जोती उघडी पडायची, कुणाच्या देवळाचा कळस दिसायचा. लोक नारळ घेऊन जायचे. आईचं गाव खोलात होतं. ते कधीच वर आलं नाही.

"समद्या बायका बाळंतपनाला म्हायेराला जात्यात," ती म्हणाली, आणि पान उलटलं.

मग मीही घरंच बघायला लागले. ती चित्रं काढणाऱ्या माणसानं मुळशी कधी पाहिली होती की नाही देव जाणे. मुंबईतल्या कुठल्यातरी खोलीत बसून काढली असतील. पण आम्ही दोघी एकेक घर तपासायचो. ह्याला पायऱ्या जास्त. ह्याचा पुढचा सोपा मोठा, हे कुणा सधन माणसाचं. आई जेवायला लागली. पायांची सूज उतरली. पण माझी भीती गेली नाही, कारण पाटलाला झाकायचं मी सोडून दिलं होतं आणि आईचा अंगठा पुन्हा निळा राहायला लागला होता. तिनं पोटावर हात ठेवला की मी तिचा हात उचलून बाजूला ठेवायची. ती म्हणायची, "काय गं सारखं?" मी उठून चुलीपाशी जायची.

वैशाखात बाळंतपणाआधीचा शेवटचा अंक आला. त्याच्या शेवटच्या चौकटीत पाटील एका दारासमोर उभा होता. दाराला कडी, कडीवर त्याचा हात. आणि दोन्ही अंगाला दोन कोनाडे. खाली छापलेलं, पुढे चालू.

कोनाड्यांवरनं आईनं अंगठा फिरवला, एकदा इकडच्या आणि एकदा तिकडच्या. मग म्हणाली, "हेच."

चारच दिवसांनी तिला कळा सुरू झाल्या. सुईण आली, काकी आली, आणि मला ओट्यावर हाकललं. आबा माझ्याशेजारी बसले होते. आतून आईचा आवाज यायचा आणि आबा माझा हात दाबायचे. कोण कुणाला धीर देत होतं सांगता येत नाही. मग आईचा आवाज थांबला. दुसरा कुठलाच आवाज येईना. तेवढ्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं! फटफटीवाला जन्मात वाचणार नाही म्हणाले, अंधारात एकटी जाईन म्हणाले. आणि मग ट्यँ करून आवाज आला. आबांनी माझा हात सोडला आणि तोंड फिरवलं.

मुलगी होती. काकीनं दाखवली तेव्हा मी आधी रंग बघितला. लाल होती, चांगली लालबुंद. मला इतकं हायसं वाटलं की मी काकीच्या गळ्यातच पडले.

ते सुख दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी काकी बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती आणि मी तेलाची वाटी धरून उभी होते. काकीनं तिला पालथं केलं. कमरेच्या खाली एक निळा डाग होता. माझ्या पंजाएवढा. पुस्तकातल्या शाईच्या रंगाचा.

काकीला तो दिसला नसावा असं मला वाटलं, कारण ती गाणं म्हणत तेल चोळतच राहिली. त्या दुपारी काकी घरी गेली, आईचा डोळा लागला. मी फडक्याचं टोक ओलं केलं, त्याला जराशी राखुंडी लावली, बाळाला हळूच कुशीवर केलं आणि डाग पुसायला घेतला. जाईना. जरा जोर केला. बाळ किंचाळलं.

आई उठली. "काय करतीस गं तिला?"

"शाई हाय," मी म्हणाले. "पुस्तकातली. निघंना." आणि मग माझा बांधच फुटला. काकीनं काय सांगितलं होतं, मी राजपुत्र का आणवला, पाटील का आणवला, सगळं हुंदके देत सांगितलं. आता ही मरणार का, असंही विचारलं. हे विचारू नये ते कळत होतं, पण विचारलं.

आईनं बाळाला ओढून घेतलं, डाग बघितला आणि पोट धरून हसायला लागली. ओल्या बाळंतिणीनं हसू नये, टाके-बिके नसले तरी दुखतं. पण ती हसली. "अगं येडे! तुलाबी व्हता की. ह्याच्याहून मोटा. चालाय लागलीस नि गेला. तवा कुटं पुस्तक व्हतं घरात? लई पोरांना आसतो."

माझा जीव भांड्यात पडला. डोळे पुसले, नाक पुसलं. मग माझ्या तोंडून गेलंच, "आन् त्या दोघींना?"

आईचं हसणं थांबलं. ती बाळाच्या कमरेवरनं हात फिरवत राहिली.

"त्यास्नीबी व्हता," ती म्हणाली.

म्हणजे पुस्तकानं काही झालं नव्हतं, आणि काही टळलंही नव्हतं. ज्यांच्यासाठी कुणी पुस्तक आणलं नाही त्याही निळा डाग घेऊनच आल्या होत्या आणि गेल्या. आजवर मला वाटत होतं की आपण नीट निवडलं की बाळ वाचेल. आता निवडायलाच काही नव्हतं. खरं सांगते, त्या दुपारसारखी मी आयुष्यात कधी भ्याले नाही. पाचवीला आणि बारशाला मी बाळाच्या नाकापाशी बोट धरून बसले होते, श्वास लागतोय का बघत.

महिना सरला. बाळ होतं. आबा पहाटे किटल्या घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "कुटलं आनू?"

मी तोंड उघडलं होतं. पाटील म्हणायला. दारावर हात ठेवून तो महिनाभर उभा होता. आई रोज एकदा ती चौकट काढून बघायची. पण आईच आतून म्हणाली, "तिचा फटफटीवाला आना."

मी वळून बघितलं. ती बाळाला पाजत होती.

"आई, अगं दार ऱ्हायलं की! आता उघडंल त्यो. तुला आत बघायचं न्हाई?"

"नको."

"का पर?"

आबा चप्पल घालता घालता थांबले होते. आईनं माझ्याकडं बघितलं नाही. बाळाच्या डोक्यावरची कुंची सारखी करत ती म्हणाली, "लावल्याल्या दारामागं समदी हायेत, बाय. माजी आई हाय, बा हाय. त्या दोघी हायेत. उगडलं नि घर रिकामं निगालं तर मी काय करू? ऱ्हाऊ दे तसंच."

तोवर मला वाटायचं की आमच्या घरात भित्री मी एकटीच.

आबांनी फटफटीवाला आणला. देवाला कबूल केलं होतं तरी मी तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि आईनं मांडीवरच्या बाळाला चोराची चित्रं दाखवली.